कशावर टिकलंय हे?

मागच्या महिन्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी आमची लॅब बघायला आली होती. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "ताई, पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मला तर छापून आलेलं सगळंच पटतं." मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. कंट्रोल बघ, एरर बार बघ, वगैरे. ती मान हलवून गेली. उत्तर तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

म्हणून आज पेपर बाजूला ठेवू आणि खेळण्यातल्या ठोकळ्यांकडे बघू. लेगोचे ठोकळे. हसू नका, जरा पुढे वाचा. पेपरसमोर आपण मुळातच दबून बसतो. लेखक मोठे, जर्नल मोठं, भाषा जड. ठोकळ्यांसमोर कुणी दबत नाही. त्यामुळे टीका कशी करतात, ती कुठे नेमकी लागते आणि कुठे भरकटते, हे तिथे जास्त स्वच्छ दिसतं.

लेगो मुलांचं खेळणं असलं तरी जगभर हजारो मोठी माणसं ते मनापासून खेळतात. खोक्यातली पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी बांधायचं, त्याला या मंडळींत 'मॉक' म्हणतात. माय ओन क्रिएशन याचं लघुरूप. मग ते मॉक घेऊन मेळाव्याला जायचं, टेबलावर मांडायचं आणि दिवसभर त्यामागे उभं राहायचं. थोडक्यात, आपलं पोस्टर सेशन. लोक येतात, वाकतात, बाजूनं डोकावतात, विचारतात. मी स्वतः यातली नाही. ज्याची फेलोशिप चार-चार महिने अडकते त्यानं करायचा हा छंद नव्हे. पण गेली तीनेक वर्षं या लोकांची आपसातली चर्चा मी आवडीनं वाचतेय, आणि त्यांचा एक प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. मॉकपाशी आलेला खरा जाणकार 'किती दिवस लागले?' यावर थांबत नाही. तो विचारतो, हे टिकलंय कशावर?

या प्रश्नाला तिथे धार आहे, कारण ठोकळ्यांची मापं पक्की आहेत. जानेवारी १९५८ मध्ये डेन्मार्कच्या गॉटफ्रेड किर्क क्रिस्टियनसन यांनी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तीच आजही चालते. वर गोल खुंट्या, आत पोकळ नळ्या, आणि त्यांच्या घट्ट बसण्यातून मिळणारी पकड. शेजारच्या दोन खुंट्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. चपट्या तुकड्याला प्लेट म्हणतात, तिची उंची ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. आता आकडे जुळवून बघा. पाच प्लेटची चवड १६ मिलिमीटर होते, आणि दोन खुंट्यांची रुंदीही १६. म्हणजे पाच प्लेटची चवड आडवी पाडली तर ती दोन खुंट्यांच्या जागेत बरोबर बसते. एवढ्या गणितावर बांधकामाची एक अख्खी पद्धत उभी आहे: खुंट्या वर न ठेवता आडव्या, उलट्या, हव्या तिकडे वळवायच्या. 'खुंट्या वर नाहीत' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून तिला 'स्नॉट' म्हणतात. इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड. नावं ठेवण्याच्या बाबतीत फक्त शास्त्रज्ञच वाह्यात असतात असं नाही.

मापं सगळ्यांना पाठ असल्यामुळे टीकेची वाक्यंही नेमकी होतात. "भिंत मस्त दिसतेय" हे वाक्य तिथेही म्हटलं जातंच, भरपूर म्हटलं जातं. पण त्याच्या मागोमाग कुणीतरी म्हणतं, "ही बाजू आडवी बसवलीस, मग वर एका प्लेटपेक्षा कमी फट उरली असणार. ती कशी भरलीस?" बांधणारा छप्पर उचलून दाखवतो. किंवा प्रामाणिकपणे सांगतो, "नाही भरली, पुढे झाड लावलंय." दोन्ही उत्तरं चालतात. फट लपवलीय हे कबूल केल्यानं कुणाची किंमत कमी होत नाही, उलट तिथून पुढचा अर्धा तास त्या फटीवर चर्चा रंगते आणि जाताना बांधणाऱ्याच्या हातात दोन नव्या युक्त्या असतात.

आता माझं सांगते.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका परिषदेत पोस्टर लावलं. विषय आपल्याकडे घरोघरी चालणारा: पाण्यात मेथिलीन ब्लू हा रंग, त्यात आमचा उत्प्रेरक, वरून दिव्याचा प्रकाश. रंग हळूहळू फिका होतो, आलेख सुंदर उतरतो. दोन तासांत तीसेक माणसं येऊन गेली. "नाइस वर्क", "छान आहे", "पेपर कुठे पाठवताय?" एका सरांनी तर आलेखाच्या रंगसंगतीचं कौतुक केलं. मी खूश. त्या पायावर पुढचे सात महिने प्रयोग रचत गेले. मग एका संध्याकाळी लॅबमधल्या ज्युनिअरनं चहा पिता पिता सहज विचारलं, "उत्प्रेरक न घालता नुसता दिवा लावून ठेवला तर?"

उत्प्रेरक रंग नुसताच शोषून घेतो का हे बघायला मी अंधारातला कंट्रोल केला होता. नुसत्या प्रकाशाचा केला नव्हता. तो केला, आणि दिसलं की रंग तसाही बऱ्यापैकी उडतो. मेथिलीन ब्लू स्वतः प्रकाश शोषतो आणि त्यानं त्याचं विघटनही होतं, हे काही गुपित नाही. परीक्षेत मी ते लिहिलंही असेन. माझा परिणाम पूर्ण खोटा ठरला नाही, पण मी सांगत होते त्याच्या जेमतेम निम्मा उरला. आणि सात महिन्यांची वही नव्यानं चालू करावी लागली.

त्या तीस जणांवर माझा राग नाही. त्यांनी जे केलं तेच मीही दुसऱ्यांच्या पोस्टरपुढे करत आले होते. आपल्याकडे पोस्टरपुढे प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा, असा एक अलिखित समज आहे. त्यामुळे विचारणारा एक तर गप्प बसतो किंवा खरोखरच पाणउतारा करायला म्हणून विचारतो. तिसरा प्रकार फार कमी दिसतो. ठोकळेवाल्यांकडे तो तिसरा प्रकार हीच रीत आहे. तुमच्या मॉकपाशी कुणी वाकून बघत नसेल, जोड कसा दिलाय हे विचारत नसेल, तर ते त्यांना वाईट वाटतं.

पण मी त्यांची आरती करायला बसलेली नाही. त्यांचे निकषही तपासून बघू.

या मंडळींत 'बेकायदेशीर' जोड नावाची एक गोष्ट आहे. कुठल्या कायद्यानं बेकायदेशीर? २००६ सालच्या ब्रिकफेस्ट या मेळाव्यात जेमी बेरार्ड यांनी एक सादरीकरण केलं. बेरार्ड आधी स्वतः असेच छंदी बांधणारे, मग लेगो कंपनीत डिझायनर झालेले. कंपनीच्या आत कुठले जोड चालतात आणि कुठले चालत नाहीत, हे त्यांनी त्यात चित्रं काढून सांगितलं. मुद्दा ताणाचा होता. खुंटीचा व्यास ४.८ मिलिमीटर. दोन खुंट्यांच्या मध्यांत ८ चं अंतर, म्हणजे मधली फट ३.२. प्लेटची जाडीही ३.२. मग प्लेट उभी करून खुंट्यांच्या मधे खोचली तर? कागदावर अगदी बरोबर बसते. प्रत्यक्षात सैलपणाला जागाच नसल्यामुळे प्लास्टिक सतत ताणाखाली राहतं. कंपनीच्या दृष्टीनं हे चालणार नाही. तो जोड एखाद्या लहान मुलाला लावता आला पाहिजे, काढता आला पाहिजे, आणि वर्षभर तसाच ठेवला तरी तुकडा खराब व्हायला नको.

निकष उत्तम आहे. पण तो कशासाठी बनला ते विसरून पुढे काय झालं बघा. लोक हा कंपनीचा निकष एकमेकांच्या मॉकलाही लावू लागले. कुणी एक देखणं जहाज बांधावं, दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी, आणि पहिली प्रतिक्रिया यावी: शिडाचा जोड बेकायदेशीर आहे. अहो, ते जहाज खोक्यात भरून विकायचं नाहीये. रविवारी संध्याकाळी बांधणारा ते स्वतःच मोडणार आहे. मुलाच्या हातात जाणाऱ्या संचासाठी जो दोष आहे, तो इथे दोष आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

हीच चूक आपण पेपर वाचताना सर्रास करतो. प्राथमिक निरीक्षण मांडणाऱ्या दोन पानी टिपणाला 'नमुन्यांची संख्या कमी' म्हणून झोडपायचं, आणि औषधाच्या मात्रेबद्दल ठाम दावा करणाऱ्या लेखाला त्याच संख्येवर सोडून द्यायचं. दोष दाव्याच्या मापानं मोजायचा असतो. जर्नल क्लबमध्ये कुणी "सॅम्पल साइझ कमी आहे" म्हणालं की मी हल्ली विचारते, कशासाठी कमी? निम्म्या वेळा पुढे शांतता असते.

दुसरी गोष्ट फोटोची. मॉकचा फोटो एका बाजूनं काढलेला असतो, आणि ती बाजू अर्थातच बांधणाऱ्यानं निवडलेली. मागे काय आहे, दोऱ्यानं बांधलंय का, भिंतीला टेकवलंय का, काही कळत नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन यांनी यावर एक साधा उपाय काढला. एलड्रॉ नावाची आज्ञावली. प्रत्येक तुकडा कुठे आहे, कुठल्या दिशेला वळलाय, कुठल्या रंगाचा आहे, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीनं लिहायचं. ०.४ मिलिमीटर हे एकक धरलं, म्हणजे ठोकळ्याची रुंदी २० एकक, उंची २४, प्लेट ८, सगळे पूर्णांक. जेसिमन १९९७ मध्ये अगदी तरुणपणी गेले, पण तुकड्यांची ती यादी जगभरच्या लोकांनी वाढवत नेली आणि ती पद्धत आजही वापरात आहे. फोटोच्या जागी फाइल मिळाली की तुम्ही मॉक फिरवून बघू शकता, एकेक थर उचलू शकता, स्वतः बांधू शकता. आपल्याकडे आत्ता कुठे 'डेटा आणि कोड सोबत जोडा' अशी अट जर्नलं घालू लागली आहेत.

मात्र फाइल आली म्हणून सगळं उघड झालं असं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एलड्रॉच्या मूळ आज्ञावलीत दोन तुकडे एकमेकांत घुसले तरी कुणी अडवत नाही. तुकडा हवेत तरंगत ठेवला तरी चालतो. गुरुत्वाकर्षण नाही. एखादा तुकडा कंपनीनं त्या रंगात कधी बनवलेलाच नसेल, तरी पडद्यावर तो रंग मिळतो. त्यामुळे पडद्यावर उभा असलेला पूल टेबलावर उभा राहीलच असं नाही. म्हणून अनुभवी माणसं डिजिटल मॉक बघितलं की पहिलं विचारतात, बांधून बघितलंय का? तुमच्यापैकी जे गणनात्मक रसायनशास्त्राकडे किंवा मॉडेलिंगकडे वळणार आहेत त्यांनी हा प्रश्न भिंतीवर चिकटवून ठेवावा. मॉडेलमध्ये काय काय घडू शकतं यापेक्षा मॉडेल काय काय अडवत नाही याची यादी आधी करावी.

आता एक आकडा तपासू. ही माझी सगळ्यांत आवडती गोष्ट आहे.

आठ खुंट्यांचा, म्हणजे दोन बाय चारचा ठोकळा घ्या. असे सहा ठोकळे किती वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतील? कंपनीच्या वतीनं १९७४ पासून एक उत्तर सांगितलं जात होतं: १०,२९,८१,५००. पुस्तकांत, जाहिरातींत, संग्रहालयांत सगळीकडे हाच आकडा. दहा कोटींच्या वर, एवढा मोठा, त्यात शेवटी ५०० वगैरे. कोण शंका घेणार? कोपनहेगन विद्यापीठातल्या बर्गफिनुर डुरहूस आणि सोरेन आयलर्स या दोन गणितज्ञांनी घेतली.

आपणही करून बघू. एका ठोकळ्यावर दुसरा समांतर ठेवायचा तर लांबीच्या दिशेनं ७ जागा, रुंदीच्या दिशेनं ३, एकूण २१. काटकोनात ठेवायचा तर ५ गुणिले ५, म्हणजे २५. बेरीज ४६. यात टेबलाच्या पलीकडून बघितलं तर सारख्याच दिसणाऱ्या जोड्या दोनदा मोजल्या गेल्या; बरोबर मध्यावर ठेवलेल्या दोन रचना तेवढ्या एकेकदाच आल्या. म्हणून ४६ अधिक २, भागिले २, उत्तर २४. सहा ठोकळ्यांचा मनोरा रचायचा तर ४६ चा पाचवा घात, अधिक २ चा पाचवा घात, भागिले २. उत्तर येतं १०,२९,८१,५०४. छापील आकड्यात शेवटचे चार गळाले होते, ते सोडून देऊ. खरी गोम वेगळीच आहे. हे फक्त मनोऱ्यांचं उत्तर आहे. प्रत्येक थरात एकच ठोकळा. खाली दोन ठोकळे आणि वर एक पूल, असली एकही रचना यात नाही. सगळ्या रचना धरल्या तर उत्तर होतं ९१,५१,०३,७६५, जवळजवळ नऊपट. आणि त्यासाठी असं सुटसुटीत सूत्र नाही. संगणकाला एकेक रचना मोजायला लावावी लागते.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. १९७४ चा हिशेब त्याच्या स्वतःच्या प्रश्नाला जवळपास बरोबर उत्तर देत होता. प्रश्न अरुंद होता, उत्तर रुंद प्रश्नाचं म्हणून फिरलं, आणि आकडा मोठा असल्यामुळे कुणी थांबून विचारलं नाही की नेमकं काय मोजलंय. माझ्या पोस्टरवरचा आलेखही तसाच होता. 'दिवा लावल्यावर उत्प्रेरकासकट किती रंग गेला' याचं उत्तर बरोबर होतं. मी ते 'उत्प्रेरकामुळे किती रंग गेला' याचं उत्तर म्हणून सांगत होते.

सोपा सराव हवा असेल तर तीन ठोकळे घ्या. मनोऱ्याच्या सूत्रानं १,०६० येतात. खरं उत्तर १,५६०. मधले ५०० कुठून आले ते कागदावर काढा. खाली दोन वर एक, आणि खाली एक वर दोन, अशी विभागणी करा. एक भाग सापडला की दुसरा फुकट मिळतो.

इथवर मी ठोकळेवाल्यांच्या बाजूनं बोलले. आता त्यांच्यातली उणीव. त्यांचं बोलणं 'कसं' वर सुरू होतं आणि बरेचदा तिथेच संपतं. कुठला तुकडा कुठल्या अनपेक्षित जागी वापरला यावर ते तासभर बोलतील. केळ्याचा तुकडा महिरपीला, बेडकाचा तुकडा नक्षीला. ते मॉक काय म्हणतंय, यावर मात्र दोन वाक्यंही क्वचित. दिवाळीत आमच्या सोसायटीत किल्ला केला की बघायला येणारी प्रत्येक आजी पहिलं विचारायची, "कुठला रे हा?" आणि मग, "पाण्याचं टाकं कुठाय? एवढी माणसं पितात काय?" माती कशी मळली, बुरूज ढासळत कसा नाही, हे त्यांना सुचायचंही नाही. त्या आज्या आणि हे ठोकळेवाले एका टेबलाशी बसवले पाहिजेत असं मला फार वाटतं.

तर एका रचनेकडे तसं बघू. २०१४ साली लेगोनं 'रिसर्च इन्स्टिट्यूट' नावाचा १६५ तुकड्यांचा छोटा संच काढला. मूळ कल्पना एलेन कोइमन यांची. त्या भूरसायनशास्त्रज्ञ, स्टॉकहोममध्ये काम करणाऱ्या, आणि मोठेपणी पुन्हा ठोकळ्यांकडे वळलेल्या. चाहत्यांच्या कल्पनेला दहा हजार जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ती विचारात घेते, अशी एक योजना आहे. त्यातून हा संच आला. कोइमन यांच्या मूळ प्रस्तावात याहून बरेच जास्त देखावे होते, खोक्यात तीन उरले. दुर्बिणीपाशी खगोलशास्त्रज्ञ, डायनासोरच्या सांगाड्यापाशी जीवाश्मशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ. तिघी स्त्रिया. संच बाजारात आला आणि हातोहात संपला.

'कसं' म्हणाल तर उत्तम. एवढ्या थोड्या तुकड्यांत सांगाड्याला मान वळवता येते, दुर्बीण झुकते. आणि लेगोच्या दुनियेत प्रयोग करणारी बाई आधी इतकी दुर्मीळ होती की हा संच येणं ही गोष्टच मोठी होती, यात मला शंका नाही. मी दहावीत असताना असं काही टेबलावर असतं तर मला आवडलं असतं.

पण 'काय' विचारा. तिघी आपापल्या चौकोनी पाटावर एकेकट्या आहेत. तीन पाट वेगळे, मधे काही नाही. प्रत्येकीचं काम होत आलेलं: सांगाडा पूर्ण, दुर्बीण रोखलेली, बाटल्यांत रंग आलेला. म्हणजे संशोधन कसं दिसतं, तर एक हुशार व्यक्ती, एक उपकरण, आणि तयार निष्कर्ष. संस्था असं नाव आहे खरं, पण संस्थेत जे असतं तेच यात नाही: दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन "हे बघ ना जरा" म्हणणं. माझा अडकलेला कंट्रोल मला चहाच्या कपापाशी सापडला. या संचात ती जागाच नाही.

यावरची मला सगळ्यांत पटलेली टीका शब्दांत आलेली नाही. डोना येट्स या पुरातत्त्वज्ञ बाईंनी संच घेतला आणि याच तिघींना एकत्र आणून विद्यापीठातल्या रोजच्या रडगाण्याचे प्रसंग मांडायला सुरुवात केली. फोटो काढायचे, खाली एक ओळ लिहायची, ट्विटरवर टाकायचे. तिघी एका चौकटीत आल्याबरोबर संच बोलायला लागला. तुकडे तेच, पाट तेच. ज्यांनी तो खाली मान घालून हसत बघितला त्यात बहुतेक पीएच.डी.वालेच असणार, कारण विनोद कळायला ते जगलेलं असावं लागतं.

तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, 'विमेन ऑफ नासा' हा संच आला. कल्पना विज्ञानलेखिका माया वाइनस्टॉक यांची. त्यांच्या प्रस्तावात पाच जणी होत्या. कॅथरिन जॉन्सन यांच्याबाबत लागणारी परवानगी मिळू शकली नाही, म्हणून संचात चार आल्या: नॅन्सी रोमन, सॅली राइड, मे जेमिसन आणि मार्गारेट हॅमिल्टन. रचना म्हणून यातले सगळे देखावे मला सारखे आवडत नाहीत. यानाची प्रतिकृती जरा सरधोपट आहे, कुठल्याही अंतराळ संचात शोभली असती. हॅमिल्टन यांचा देखावा मात्र वेगळा. अपोलोच्या संगणक आज्ञावलीचे छापील कागद त्यांच्या उंचीइतके रचलेले आणि शेजारी त्या उभ्या, असा त्यांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. संचात तेच आहे. बाई आणि कागदांचा ढीग. चंद्र नाही, यान नाही. केलेलं काम किती होतं, हे एका नजरेत दिसतं. माझ्या मते रिसर्च इन्स्टिट्यूटच्या तिन्ही पाटांपेक्षा हा एक ढीग संशोधनाबद्दल जास्त खरं सांगतो.

तुम्हाला हे पटलं नाही तर चांगलंच. "सांगाडा पूर्ण आहे म्हणजे काम संपलं असं कशावरून? ती तो पुन्हा मोजत असेल" असा युक्तिवाद करता येईल, आणि तो मला खोडता येणार नाही. पण असा वाद घालायचा तर तुम्हाला पाटाकडे बोट दाखवून बोलावं लागेल. 'मला आवडला' एवढ्यावर भागणार नाही.

हा लेख टाकण्याआधी मी कच्चा मसुदा त्या एम.एस्सी.च्या मुलीला पाठवला. म्हटलं, तुझ्यामुळे लिहिलाय, 'छान' सोडून काहीही सांग. दोन दिवस काही आलं नाही. मग रात्री साडेअकराला मेसेज आला. तीन ठोकळ्यांचं गणित तिनं खाली दोन वर एक असं धरून सोडवलं होतं, २५० काढले होते, दुप्पट केले होते. खाली आणखी एक ओळ होती: "ताई, हे सगळे ठोकळे एकाच रंगाचे धरलेत ना? कारण रंग वेगळे असले तर पलीकडून बघून सारखं दिसणारच नाही दर वेळी. लेखात ते कुठे लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं. एकाच रंगाचे धरले आहेत.